निलगिरीची आगटी

घर उबदार राहावे म्हणून कोणती आगटी घ्यावी, असा प्रश्न चेन्नईत, म्हणजे पूर्वीच्या मद्रासेत, कोणी विचारला तर ऐकणारा प्रथम त्याच्या प्रकृतीची चौकशी करील. येथला हिवाळा तो केवढा! मार्गळी महिन्यात पहाटेचा पारा वीस अंशांच्या आसपास उतरला की आमचे तमिळ शेजारी कानटोपी चढवितात, आणि नाशिक-नागपूरकडून बदलून आलेला मराठी गृहस्थ अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात दूध आणावयास निघतो. येथील थंडीचा इतिहास एवढाच. तथापि लाकूड जाळून घर तापविण्याच्या एका निवडीची, आणि ती फार महाग पडली, हकीकत याच शहराशी, त्यातही एग्मोर भागाशी, जखडलेली आहे. पॅन्थिऑन रस्त्यावरचे सरकारी वस्तुसंग्रहालय, गांधी-आयर्विन रस्त्यावरचे राज्य अभिलेखागार, आणि तेथेच १९०८ साली उघडलेले तांबड्या रंगाचे रेल्वे-स्थानक, ही तिन्ही पायी फिरून एका सकाळीत पाहता येतात. त्यांतील संग्रहालयाचा पहिला प्रमुख या कथेतील एक पात्र आहे. अभिलेखागारात मद्रास इलाख्याचे दप्तर आहे. स्थानकाचा संबंध एवढाच की ज्या वर्षी ते उघडले त्याच वर्षी निलगिरीची दंतुर रेल्वे उटकमंडपर्यंत पोहोचली. निलगिरीची गाडी मात्र एग्मोरहून नव्हे, सेंट्रलहून सुटते.

इलाख्याच्या राज्यकर्त्यांनी मद्रासचा उन्हाळा टाळण्यासाठी निलगिरी गाठली, हे आपणांस ठाऊकच आहे. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये त्या पठारावर चढला आणि १८२२ मध्ये त्याने उटकमंडला आपल्या घराचे काम काढले. तेच पुढे ‘स्टोन हाउस’ म्हणून प्रसिद्धीस आले. १८३४ चा पावसाळा मेकॉलेने तेथे काढला. १८७० पासून तर मद्रास सरकारचा मुक्कामच वर्षातील कित्येक महिने उटकमंडला पडू लागला; गव्हर्नर, सचिव, कारकून, दप्तरांच्या पेट्या, चपरासी, सारा लवाजमा घाट चढून जाई. मुंबई सरकारचे जे महाबळेश्वर, तेच मद्रास सरकारचे उटकमंड. फरक उंचीचा. उटकमंड समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे. जानेवारीत तेथील गवतावर दव गोठते, आणि जून ते सप्टेंबर धुके घरात शिरून अंथरुणे ओलसर करून ठेवते. तेव्हा वर गेलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे पहिला प्रश्न आगीचा उभा राही.

त्या पठारावर माणसे शतकानुशतके राहत होती, आणि या प्रश्नाचे आपले उत्तर त्यांनी शोधून ठेवलेले होते. तोडा लोकांची जुनी झोपडी ज्याने पाहिली असेल त्याला ते सहज पटेल. आडव्या ठेवलेल्या अर्ध्या पिंपासारखा तिचा आकार, वर गवताचे जाड शाकारणे, आणि दार एवढे लहान की आत जाणाऱ्याने गुडघ्यांवर रांगतच शिरावे. खिडकी नाही, धुराडे नाही. आत लहानशी चूल. तिचा धूर छपराच्या गवतातून हळूहळू झिरपत बाहेर पडतो. डोळ्यांना आणि छातीला हा धूर सुखाचा नव्हे, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु उष्णतेच्या हिशेबाने पाहिले तर जागा थोडी, फट थोडी, म्हणून जळणही थोडे, असा तो चोख व्यवहार होता. काटक्या-कुटक्यांवर रात्र निघे.

इंग्रजी बंगल्याचा व्यवहार उलटा होता. उंच छत, मोठाल्या काचेच्या खिडक्या, आणि बहुतेक खोल्यांतून भिंतीत कोनाडा करून वर धुराडे बांधलेली उघडी आगटी. ही आगटी दिसावयास मोठी रम्य, पण जळणाच्या बाबतीत तिच्याइतकी उधळी वस्तू शोधून सापडावयाची नाही. ज्वाळेची समोर पडेल तेवढी झळ माणसास मिळते. बाकीची उष्णता धुराबरोबर आभाळात जाते. एवढ्यावरही भागत नाही. धुराड्याची ओढ खोलीतील तापलेली हवासुद्धा वर खेचते आणि तिची जागा घेण्यास दाराखिडक्यांच्या फटींतून थंड हवा आत येते. म्हणून आगटीपाशी बसणाऱ्याचे गुडघे भाजतात आणि पाठ काकडते.

हा दोष त्या काळी अज्ञात होता असे मुळीच नाही. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४० नंतरच्या वर्षांत ओतीव लोखंडाची आगटी योजून तिचे वर्णन प्रसिद्ध केले होते. लंडनमध्ये काउंट रम्फर्डने १७९६ मध्ये आगटीवर निबंधच लिहिला. कोनाडा उथळ करावा, बाजूच्या भिंती तिरप्या घ्याव्यात म्हणजे झळ खोलीत परतते, आणि धुराड्याचा गळा अरुंद करावा, हा त्याचा उपदेश. परंतु या विषयात खरी मजल मारली ती स्वीडनने. त्या देशात लाकडाची टंचाई भासू लागली, तेव्हा सरकारनेच कार्ल योहान क्रोन्स्टेड्ट आणि फाबियान व्रेडे या दोघांवर कमी जळणाची भट्टी शोधण्याचे काम सोपविले, आणि १७६७ मध्ये त्यांनी ती सिद्ध केली. चिनीमातीच्या फरशांनी मढविलेल्या एका उंच खांबात विस्तव बंद करावयाचा आणि त्याचा धूर सरळ वर न सोडता विटांच्या वाटांमधून वर-खाली, वर-खाली असा फिरवून मग बाहेर जाऊ द्यावयाचा. जाता जाता धूर आपली उष्णता विटांना देतो. सकाळी दोन-चार ओंडके जाळले, विस्तव विझला, की त्या तापल्या विटा पुढे कित्येक तास खोली उबदार ठेवतात.

मराठी वाचकास यात नवल वाटावयाचे कारण नाही. आपल्या आज्यांनी मातीच्या चुलीला शेजारी वैल ठेवले ते याच विचाराने. चुलीतून निसटणारी झळ आडवी वळवून दुसऱ्या भांड्याखाली आणावयाची, म्हणजे भात चुलीवर होतो आणि आमटी वैलावर ऊन राहते. पाण्याचा तांब्याचा बंब घ्या. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. उष्णता बाहेर पडण्यापूर्वी तिला पाण्याच्या अंगावरूनच जावे लागते. मूठभर ढलप्यांवर घरभर आंघोळी होत. क्रोन्स्टेड्टची भट्टी म्हणजे पाण्याऐवजी विटा तापविणारा बंबच होय, असे म्हटले तर तज्ज्ञांनी रागावू नये.

सारांश, सलिव्हनने उटकमंडला घर बांधावयास घेतले तेव्हा बंद भट्टीची विद्या युरोपात अर्ध्या शतकाहून जुनी झालेली होती. ती उचलली गेली नाही. माझ्या मते याचे कारण अज्ञान नसून घराची आठवण हे आहे. सहा हजार मैलांवरून आलेल्या माणसाला उष्णतेइतकीच, किंबहुना अधिकच, ज्वाळा हवी होती. तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले की क्षणभर तो आपल्या गावी असे. परमुलखात नोकरी करणारास ही ओढ समजू शकते. आपणही चेन्नईत बसून पुण्याचेच तांदूळ धुंडाळतो. पण आपल्या तांदळामुळे कोणाचे रान तुटत नाही.

निलगिरीचे रान तुटले. तेथे डोंगराच्या घळींतून आणि खोलगट जागांतून दाट सदाहरित झाडीचे तुकडे असतात. त्यांना ‘शोला’ म्हणतात. तमिळ ‘सोलै’ या शब्दाचे हे रूप. झाडे बुटकी, वेडीवाकडी, शेवाळाने मढलेली. त्यांत जांभळाच्या जातीची आहेत, दालचिनीच्या जातीची आहेत, आणि झाडीच्या कडेला तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन उभा असतो. दोन शोलांच्या मध्ये मैलोगणती गवताळ उतार, ज्यांवर तोडांच्या म्हशी चरत. शोलातील लाकूड चिवट आणि जळावयास उत्तम; कारण ते फार सावकाश वाढते. एका पिढीने तोडलेले झाड पुढच्या दोन-तीन पिढ्यांना परत मिळत नाही. शेकडो आगट्यांनी हे भांडवल व्याजासकट खाण्यास आरंभ केला. पुढे १८५० नंतर कुन्नूरजवळ गोऱ्या पलटणीच्या बराकी उभ्या राहिल्या. त्या ठाण्याला १८६० मध्ये वेलिंग्टन हे नाव मिळाले. आजही आपल्या सैन्यातील अनेक मराठी अधिकारी तेथील स्टाफ कॉलेजात शिकून येतात. एका बंगल्याची भूक वेगळी आणि अख्ख्या पलटणीची वेगळी. मागणी अशी एकाएकी वाढली आणि उटकमंडच्या भोवतालचे शोले विरळ होत गेले.

याच सुमारास सरकारी नोकरांपैकीच काही जण धोक्याची सूचना देत होते, ही गोष्ट नमूद केली पाहिजे. विशेष म्हणजे ते तिघेही पेशाने डॉक्टर. पहिला आपल्याकडचा. पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख अलेक्झांडर गिब्सन. कोकणातील झाडी तुटल्याने झरे आटतात असे त्याने सरकारला लिहिले, आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दुसरा ह्यू क्लेगहॉर्न. १८५० मध्ये एडिंबरो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेने उष्ण देशांतील जंगलतोडीवर एक समिती नेमली, तिचा १८५१ चा अहवाल मुख्यतः त्याचा, आणि १८५६ मध्ये मद्रासचे वनखाते त्याच्याच हाताखाली निघाले. तिसरा एडवर्ड बाल्फोर, आपल्या एग्मोरचा.

बाल्फोर हा मोठा उद्योगी मनुष्य. मद्रासचे सरकारी वस्तुसंग्रहालय १८५१ मध्ये त्याच्या देखरेखीखाली सुरू झाले आणि १८५४ च्या अखेरीस ते पॅन्थिऑनच्या आवारात, म्हणजे जेथे आज आहे तेथे, आले. ही जागा पूर्वी गोऱ्या समाजाच्या नाचगाण्यांच्या मेळाव्यांची होती. बाल्फोरने तेथे दगड, धातू, लाकडे आणून मांडली, आणि १८५५ मध्ये जिवंत प्राणीही आणून ठेवले. मद्रासच्या प्राणिसंग्रहालयाचा उगम तो. १८४९ मध्ये त्याने वृक्षांमुळे पाऊस आणि ओल कशी टिकते या विषयावर टिपणे प्रसिद्ध केली, आणि संग्रहालयात असताना इमारती लाकडाच्या झाडांवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. झाडे गेली की पाणी जाते आणि पाण्यामागून दुष्काळ येतो, हा त्याचा आणि त्याच्या दोघा समव्यवसायी मित्रांचा एकच घोष होता. तो बहुतांशी खरा होता. सरकारनेही तो ऐकला, परंतु आपल्या सोयीने ऐकला.

सरकारपुढे वाटा दोन होत्या. जळणाची मागणी कमी करावी, अथवा पुरवठा वाढवावा. पहिली वाट स्वीडनची: भट्टी बदलावी. उटकमंडच्या बंगल्यांतून उघड्या आगट्या बुजवून बंद भट्ट्या बसविल्या असत्या, तर तीच ऊब किती तरी कमी लाकडात मिळाली असती. परंतु बंगल्यात राहणाऱ्यांच्या दिवाणखान्यात हात घालणे कोणत्याही सरकारला अवघडच. येथे तर बंगल्यात राहणारे आणि सरकार ही मंडळी एकच होती. म्हणून दुसरी वाट धरली गेली. चूल तशीच राहिली आणि रान बदलण्यात आले.

हे नवे रान ऑस्ट्रेलियातून आले. १८३० च्या दशकात तेथील बाभळीच्या जाती, ज्यांना इंग्रजीत ‘वॅटल’ म्हणतात, निलगिरीवर लागल्या. १८४३ मध्ये कॅप्टन कॉटनने युकॅलिप्टसची निळसर पानांची जात आणली. प्रथम शोभेखातर बागेत लावलेल्या या झाडांचे वाढणे पाहून पाहणारे थक्क झाले. शोलाचे झाड जेथे पुरुषभर वाढे, तेथे हे झाड माडाच्या उंचीला जाई. तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटे, म्हणून दर दहाएक वर्षांनी त्याच बुंध्यावर नवे पीक घेता येई. वनखात्याने जळणासाठी याच्या लागवडी हाती घेतल्या, आणि १८८३ मध्ये हचिन्स या वनाधिकाऱ्याने त्यांच्या वाढीची मोजमापे घेऊन एक अहवालच सादर केला. आकडे इतके आकर्षक होते की कोणताही हिशेबनीस भुलला असता.

येथे भाषेची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. या पर्वतांना नीलगिरी हे नाव फार जुने. होयसळांच्या बाराव्या शतकातील लेखात नीलाद्रीचा उल्लेख येतो. बारा वर्षांनी फुलणारी कुरिंजी त्या उतारांना निळे करून सोडते, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात. कुरिंजी गवताळ रानातली. तिच्या उतारांवर परदेशचे जळाऊ झाड लागले, तेथून ते देशभर गेले, आणि आम्ही मराठी लोकांनी त्या झाडालाच ‘निलगिरी’ म्हणावयास सुरुवात केली. पडसे झाले की रुमालावर टाकावयाचे ते निलगिरीचे तेल. तमिळ माणूस त्याला नुसते तैलमरम्, तेलाचे झाड, म्हणतो. त्याला पर्वत आणि झाड यांत घोटाळा करून चालत नाही.

लागवड कोठे झाली हे पाहिले म्हणजे या निवडीचे मर्म कळते. तुटलेल्या शोलांच्या जागी तर ती झालीच, पण मुख्यतः गवताळ उतारांवर झाली. सरकारी दप्तराच्या दृष्टीने गवत म्हणजे पडीक जमीन. महसूल नाही, पीक नाही, झाड नाही; मग ती रिकामी असली पाहिजे. हा ‘पडीक’ शब्द आपणांपैकी ज्यांनी महसूल खात्यात दिवस काढले त्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तोडांना विचारले असते तर त्यांनी त्याच जमिनीवरील प्रत्येक पाणवठ्याचे नाव सांगितले असते. कारण त्या गवताखालची काळी, स्पंजासारखी माती पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळाभर थेंबाथेंबाने ओढ्यांना सोडते.

खाली मद्रासेतही जळणाची हकीकत थोड्याफार फरकाने अशीच आहे. मात्र तेथे आग स्वयंपाकाची. शहराची चूल समुद्रकाठच्या वाळूत लावलेल्या सुरूच्या लाकडावर, आणि उत्तरेकडील श्रीहरिकोटा बेटावरील रानावर चाले. ते लाकूड बकिंगहॅम कालव्यातून होड्यांनी वखारींत येई. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात अडयार आणि कूवम या नद्यांमधला या कालव्याचा दुवा भुकेल्या माणसांकडून, दुष्काळी काम म्हणून, खोदून घेण्यात आला. गव्हर्नर होता ड्यूक ऑफ बकिंगहॅम. त्याच ड्यूकच्या कारकिर्दीत, त्याच वर्षांत, उटकमंडला नवा गव्हर्न्मेंट हाउस उभा राहत होता. श्रीहरिकोट्यावर सरपणासाठी सुरू आणि निलगिरी वाढविलेली होती. १९६९ मध्ये तेच बेट अग्निबाण सोडण्यासाठी निवडले गेले. लाकूडफाट्याच्या बेटावरून आज उपग्रह उडतात, हे ऐकून बाल्फोरच्या ज्ञानकोशाला एक पुरवणी जोडावी लागली असती.

स्वातंत्र्यानंतर निलगिरीवरील लागवडी कमी न होता वाढल्या. शेकोटीची गरज ओसरली तरी कारखान्यांची आली. मेट्टुपाळयमजवळ सिरुमुगै येथे कृत्रिम रेशमाचा कारखाना निघाला आणि त्याला लगदा पाहिजे होता. पुढे हा कारखानाही बंद पडला. झाडे राहिली. वॅटलचे बी वर्षानुवर्षे जमिनीत जिवंत राहते आणि मुळांतून फुटवे येतात, त्यामुळे लावणारा निघून गेला तरी ती आपली आपण पसरतच गेली.

बाल्फोरच्या सिद्धांताची परीक्षा मग एका अनपेक्षित रीतीने झाली. उटकमंडच्या मृदा व जलसंधारण संशोधन केंद्राने १९६८ पासून ग्लेनमॉर्गन येथे दोन शेजारच्या लहान पाणलोटांवर निरीक्षणे चालविली. एकात मूळचे गवत ठेवले, दुसऱ्याच्या मोठ्या भागात निलगिरी लावली. लागवडीच्या पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत त्या ओढ्याचे पाणी सरासरी सुमारे १६ टक्क्यांनी घटले. बुंधे पुन्हा फुटून आलेल्या दुसऱ्या फेरीत घट याहूनही मोठी आली. झाडे पाणी राखतात हे बाल्फोरचे म्हणणे शोलाबाबत योग्य होते. परंतु झाड म्हटले की ते कोठलेही झाड, आणि मोकळी जागा म्हटली की ती कोठलीही जागा, असा त्याचा अर्थ पुढच्यांनी लावला. निलगिरीचे पाणी म्हणजे केवळ उटकमंडच्या नळाचे पाणी नव्हे. १९३२ मध्ये सुरू झालेले पैकारा वीजघर, मोयार आणि भवानी या नद्या, आणि त्यांच्या काठची शेते, सारी त्या ओल्या मातीवर अवलंबून आहेत.

ज्यांनी ही निवड केली त्यांपैकी कोणीही दुष्ट नव्हता. बहुतेक तेथे दोन उन्हाळे, फार तर पाच, राहिले आणि पुढच्या नेमणुकीवर गेले. त्यांच्या दप्तरात लागवडीचा खर्च आहे, मिळालेल्या लाकडाचे वजन आहे. ओढ्याला आटावयास जेवढी वर्षे लागतात तेवढी कोणाची नेमणूक नसते, म्हणून तो रकाना तेथे नाही.

निलगिरीवर नेमणूक झालेल्या वाचकाला जुन्या सरकारी बंगल्यात आजही ती उघडी आगटी भेटेल. हॉटेलांतूनही पाहुण्यांच्या हौसेसाठी ती पेटवितात. पेटवावयाचीच असेल तर लाकूड वर्षभर वाळलेले घ्यावे. ओला ओंडका आपल्या शक्तीचा काही भाग स्वतःतील पाणी उकळण्यातच घालवितो आणि धुराड्यात काजळी धरतो. घर स्वतःचे असेल तर मात्र दाराची बंद लोखंडी भट्टी बसवावी आणि जाळण्यास वॅटल मागावी. ती तोडल्याबद्दल तेथे आता कोणी रागावत नाही. तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये आगंतुक वनस्पतींविषयी धोरण जाहीर केले असून, वॅटल काढून तेथे गवत आणि शोला परत आणण्याचे काम वनखात्याला करावे लागत आहे. क्लेगहॉर्नच्याच खात्याला.

हे काम फार सावकाश चालते, कारण शोलाचे रोप घाई जाणत नाही. कोतगिरीजवळ सुमारे ११६ हेक्टरांचा एक शोला या सर्व उलाढालींतून वाचला आहे. त्याचे नाव इंग्रजीच, लाँगवुड. तेथील रहिवाशांनी आणि वनखात्याने मिळून त्यातील परकी झाडे काढली, पहारा ठेवला, आणि २०२४ मध्ये तो आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत दाखल झाला. आसपासच्या गावांना पिण्याचे पाणी त्याच रानातून येते.